भंडारदऱ्याची हिरवाई आणि पिशवीतल्या रंगीत काचा

सप्टेंबर सरता सरता भंडारदऱ्याला सगळंच हिरवं असतं. भातखाचरं हिरवी, डोंगरउतार हिरवे, रस्त्याकडेचं गवत हिरवं, आणि मध्येच पिवळीजर्द खुरासणी (म्हणजे कारळं) आणि सोनकी. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण कॅमेऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट फिल्म असेल तर हे सगळे रंग जवळपास एकाच राखाडीत जाऊन बसतात. फूल कुठलं आणि गवत कुठलं, ते प्रिंटवर ओळखू येत नाही. इथे फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावायची काच, लागतो. सह्याद्रीच्या या दिवसांना नेमका कोणता फिल्टर चालतो हे नीट पाहावं, म्हणून मी आणि माझा मित्र पितृपंधरवड्यात तिकडे जाऊन आलो.

आधी सामानाचं सांगतो. माझ्याकडे मामिया आरबी ६७. सहा बाय सात सेंटिमीटरची निगेटिव्ह, १२० च्या एका रोलवर दहा फोटो. वजनाला धोंडा आहे, पण माझ्या ६५, १२७ आणि १८० मिमी अशा तिन्ही लेन्सना ७७ मिमीचाच फिल्टर बसतो. डोंगरात हे सुख फार मोठं आहे. मित्राकडे याशिका मॅट १२४ जी, दोन डोळ्यांची. तिच्या लेन्सला आटे नाहीत. तिथे ‘बे वन’ पद्धतीचा, अडकवून फिरवायचा छोटा फिल्टर लागतो. माझ्याकडे इलफर्डची एफपी४ प्लस ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, त्याच्याकडे प्रोव्हिया १००एफ ही रंगीत स्लाइड फिल्म.

पिशवीत पिवळा (८ नंबर), पिवळसर हिरवा (११), नारिंगी (२१) आणि तांबडा (२५), शिवाय चकाकी कापणारा पोलरायझर, सहा स्टॉपचा एनडी (रंग न बदलता उजेड कमी करणारी करडी काच) आणि १०० मिमी रुंदीचा दोन स्टॉपचा हार्ड ग्रॅड. स्टॉप म्हणजे उजेडाची पायरी, एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. हे नंबर रॅटन पद्धतीचे. रॅटन हा इंग्लंडमधला फिल्टर बनवणारा. त्याची कंपनी कोडॅकने १९१२ मध्ये घेतली आणि नंबर जगभर रुळले.

विकत घेणाऱ्यांसाठी : आपल्या सगळ्या लेन्समध्ये ज्या लेन्सचं तोंड सर्वांत मोठं, त्या मापाचा एकच संच घ्यावा आणि लहान लेन्सना मोठा फिल्टर बसवणारी स्टेप-अप रिंग लावावी. बे वनलाही आट्यांची रिंग मिळते, मग साधे गोल फिल्टर चालतात. कडी पितळेची असेल तर उत्तम, ॲल्युमिनियमची दमट हवेत अडकून बसते. अडकलीच तर कडीभोवती जाड रबरबँड गुंडाळून फिरवावी, बोटांनी दाबू नये. दाबल्याने कडी आणखी घट्ट होते. काचेवर कोटिंग हवंच. सेकंडहँड घेताना फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरका धरून ओरखडे आणि बुरशीची जाळी पाहावी. आमच्या दोन्ही कॅमेऱ्यांत ऑटोफोकस नाही आणि लेन्समधून मोजणारा मीटर नाही, त्यामुळे आम्हाला साधा लिनिअर पोलरायझर चालतो. तो बऱ्याचदा स्वस्तात मिळतो.

शुक्रवार : घोटी ते शेंडी

रेल्वेने इगतपुरी, तिथून घोटी, घोटीहून बारीमार्गे शेंडी. बारीच्या अलीकडे कळसूबाई पूर्ण ढगात होती. १६४६ मीटरचा डोंगर तिथे आहे, हे ड्रायव्हरच्या बोटावर विश्वास ठेवूनच मानायचं.

शेंडी हे धरणालगतचं गाव. प्रवरेवरचं हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या मागे आर्थर लेक पसरला. संध्याकाळी काठावर पोचलो तेव्हा आकाश पांढुरकं राखाडी, पाणी स्तब्ध, पलीकडचे डोंगर काळसर हिरवे. आकाश उठावदार हवं की तांबडा फिल्टर लावा, असं सगळीकडे सांगितलं जातं. ते निळ्या आकाशाला लागू आहे. तांबडी काच निळा उजेड अडवते, म्हणून निळं आकाश गडद होतं आणि ढग उठून दिसतात. पांढरं आकाश सगळ्या रंगांचा उजेड सारख्याच मापाने पाठवतं. तिथे तांबडा लावला तर आकाश तसंच पांढरं राहतं आणि हिरवे डोंगर मात्र डांबरासारखे काळे होतात.

अशा वेळी कामाला येतो तो ग्रॅड, म्हणजे वरचा अर्धा भाग करडा आणि खालचा स्वच्छ असलेली चौकोनी काच. मधली सीमारेषा ठळक असेल तर हार्ड, हळूहळू विरणारी असेल तर सॉफ्ट. स्पॉट मीटरने, म्हणजे छोट्याशा ठिपक्याचाच उजेड मोजणाऱ्या मीटरने, पाहिलं तर आकाश डोंगरापेक्षा साडेतीन स्टॉपने जास्त उजळ होतं आणि पाण्यातलं आकाशाचं प्रतिबिंब खऱ्या आकाशापेक्षा दीड स्टॉप कमी. दोन स्टॉपच्या ग्रॅडने दोन्ही जवळपास जुळली. इथे लोभ आवरावा लागतो. तीन स्टॉपचा लावला असता तर पाणी आकाशापेक्षा बरंच उजळ दिसलं असतं, आणि असं दृश्य जगात कुठेही नसतं.

मीडियम फॉरमॅटवाल्यांनी, म्हणजे आमच्यासारखी १२० ची मोठी फिल्म वापरणाऱ्यांनी, एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लहान, पण फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) डिजिटल कॅमेऱ्यावर जेवढा देखावा साधारण ३० मिमीची लेन्स पकडते, तेवढ्यासाठी आरबीवर ६५ मिमी लागते. लेन्स जितकी लांब, तितकी ग्रॅडची सीमारेषा चित्रात पसरत जाते. म्हणून लहान कॅमेऱ्यावर पाहून घेतलेला सॉफ्ट ग्रॅड इथे इतका पसरतो की आकाशाबरोबर डोंगरही अर्धामुर्धा झाकोळतो. १२७ आणि १८० वर तर हार्ड ग्रॅडच घ्यावा, तो आपोआप मऊ होतो. काच वरखाली सरकवताना लेन्सवरची डेप्थ ऑफ फील्डची कळ दाबून, ज्या छिद्रावर फोटो घ्यायचा त्याच छिद्रावर सीमारेषा बघावी. एफ ४.५ च्या मोठ्या छिद्राला ती दिसतही नाही, एफ १६ च्या लहान छिद्राला स्पष्ट होते.

अंधार पडला तशी भूक लागली. खानावळीत तांदळाची भाकरी, तलावातल्या माशांचं कालवण आणि वर मिरचीचा ठेचा. मालकाला विचारलं, “दादा, उद्या घाटघरला ऊन मिळेल का?”

“घाटघरचं ऊन घाटघरला जाऊनच बघायचं. इथून कोण सांगणार?”

शनिवार : खुरासणीची शेतं आणि घाटघरचं धुकं

सकाळी जीप ठरवून मुरशेत, पांजरेच्या बाजूने निघालो. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर पावती फाडावी लागते. पांजरेच्या पुढे एका वळणावर खुरासणीचं शेत लागलं आणि जीप थांबवली. अजून सगळी फुलली नव्हती, पण उताराचा वरचा पट्टा पिवळाधमक होता. ऊन-ढगांचा खेळ चाललेला. बांधावर एक आजी गवत कापत होत्या. परवानगी विचारली, तर म्हणाल्या, “काढा की. पण फुलात पाय घालू नका, तेल त्याचंच करायचंय.”

इथे नारिंगी फिल्टरने डोळे उघडले. कारण सोपं आहे. पिवळं फूल तांबडा आणि हिरवा असा दोन्ही उजेड परत पाठवतं. गवत मुख्यतः हिरवाच पाठवतं, तांबडा फार थोडा. नारिंगी काच तांबडा उजेड पूर्ण सोडते आणि हिरव्यातला बराचसा अडवते. मग फूल उजळ राहतं, गवत एक-दोन पायऱ्या खाली उतरतं, आणि डोळ्यांना जो फरक रंगात दिसतो तो फिल्मवर उजेडात उतरतो. पिवळ्या फिल्टरने हे होतं, पण अर्धवट. तांबड्याने फूल पांढरं आणि पानं कोळसा होतात, पानांमधलं सगळं बारीक काम जातं.

दूरचा देखावा झाल्यावर एका फुलाजवळ गेलो. आरबीला फोकससाठी भाता आहे, लोहाराच्या भात्यासारखा पुढे ओढायचा. तो पूर्ण ४६ मिमी ओढला की १२७ च्या लेन्सवर जवळपास एक स्टॉप उजेड कमी होतो. त्यात नारिंगीचे दोन स्टॉप. मीटरने सांगितलं एफ ११ ला सेकंदाचा साठावा भाग. दोन स्टॉपने तो पंधरावा झाला, भात्याच्या एका स्टॉपने आठवा. आठव्या भागात खुरासणीचं फूल वाऱ्यावर हमखास हलतं. आजी हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, “ढग सूर्यावर आला की वारा दोन घटका पडतो. तवा काढा.” तसंच झालं. ढग आला, वारा पडला. उजेड बदलला होता म्हणून पुन्हा मोजलं, अर्धा सेकंद आलं, आणि त्या अर्ध्या सेकंदात एक पाकळीही हलली नाही.

मीटरबद्दल एक सूचना. मीटरसमोर रंगीत काच धरून मोजू नये. मीटरची रंगांना असलेली जाण आणि फिल्मची जाण एकसारखी नसते, आकडा फसवा येतो. उघडं मोजावं आणि फिल्टरचा हिशेब वर चढवावा. पिवळ्याला एक स्टॉप, पिवळसर हिरव्याला दोन, नारिंगीला दोन, तांबड्याला तीन, पोलरायझरला दीड ते दोन. मी हे आकडे चिकटपट्टीवर लिहून कॅमेऱ्याच्या पाठीवर लावले आहेत.

आजींनी घरी नेलं. नाचणीची भाकरी, पिठलं, आणि वर खुरासणीची कोरडी चटणी. त्या चटणीला किंचित कडवट, धुरकट चव असते, ती शहरात मिळणाऱ्या कारळ्याच्या चटणीत कधी आली नाही. ओसरीवर काळभाताचं बियाणं टांगलेलं होतं. हा अकोले तालुक्याचा जुना वासाचा भात. घरात शिजत असला तर शेजाऱ्याला कळतो, असं आजींचं म्हणणं.

दुपारी घाटघरचा कोकणकडा. कठड्यापलीकडे पांढरं शून्य. तिथे भेटलेल्या एका तरुण फोटोग्राफरने माझ्याकडचा तांबडा फिल्टर पाहून विचारलं, “सर, याने धुक्यातून आरपार दिसतं ना?” हा समज इतका पसरलेला आहे की सविस्तर लिहितो. लांबचे डोंगर उन्हाळ्यात किंवा स्वच्छ दिवशी निळसर दिसतात, कारण हवेतले अतिसूक्ष्म कण आणि रेणू निळा उजेड जास्त विखुरतात. तो निळसर पडदा नारिंगी-तांबडी काच खरंच कापते. धुकं म्हणजे पाण्याचे थेंब. ते उजेडाच्या लहरींच्या मानाने खूप मोठे असतात आणि सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून तर धुकं पांढरं दिसतं. तिथे कोणताही फिल्टर चालत नाही. मी कॅमेऱ्याचा हुड वर करून त्याला आधी नुसत्या डोळ्यांनी आणि मग काचेतून दाखवलं. तांबडं शून्य दिसलं, एवढंच.

मग धुक्यालाच विषय केलं. कड्यावरचं एक वाकडं झाड, मागे काही नाही. फिल्टर नाही, फक्त मीटरच्या आकड्यापेक्षा एक स्टॉप जास्त, नाहीतर धुकं मळकट राखाडी येतं.

साडेचारच्या सुमारास वारा फिरला आणि पडदा उठला. अलंग, मदन, कुलंग ओळीने समोर, त्यांच्यामागे निळ्या आकाशाचा एक तुकडा, आणि खाली कोकण निळसर धुरकट. आता रंगीत काचांची वेळ होती. नारिंगीने एक, तांबड्याने एक, पिवळसर हिरव्याने एक असे फोटो घेतले. ॲन्सेल ॲडम्सने १९२७ मध्ये योसेमिटीच्या हाफ डोमचा जो फोटो गडद तांबड्या फिल्टरने घेतला, त्यामुळे या काचेचा दबदबा आजही आहे. पण तिथे फिकट ग्रॅनाइट, बर्फ आणि कोरडं निळं आकाश होतं. आपल्याकडे काळा बसाल्ट आणि त्यावर हिरवं गवत. तांबड्याने दोन्ही काळेच होतात, आणि कड्यावरचे गवताचे आडवे पट्टे, जी सह्याद्रीची खूण, ते नाहीसे होतात. सावलीतला उजेड निळ्या आकाशाकडून आलेला असतो, तोही तांबडी काच अडवते, त्यामुळे घळी नुसत्या काळ्या रेघा उरतात.

रविवार : रतनवाडी

तलावाच्या दुसऱ्या टोकाला रतनवाडी, आणि तिथे अमृतेश्वराचं शिलाहारकालीन मानलं जाणारं दगडी मंदिर. रात्री पाऊस पडून गेला होता, दगड ओला आणि चकचकीत. शिखरावरची नक्षी पांढऱ्या चकाकीखाली दिसेना. हे पोलरायझरचं काम. ग्रॅडचा परिणाम स्कॅन केल्यावर थोडाफार साधता येईल, पण ओल्या दगडावरची चकाकी गेली की तिच्याखालचं कोरीवकाम नंतर आणता येत नाही. आकाश ढगाळ असलं तरी तो चालतो. पाण्याच्या बाबतीत पृष्ठभागापासून साधारण ३७ अंशांच्या कोनात बघितलं की चकाकी सर्वांत जास्त कापली जाते. सरळ वरून बघितलं तर जवळपास नाहीच.

मंदिराजवळच्या पुष्करणीत चारी बाजूंना कोनाडे आणि त्यांत मूर्ती आहेत. पोलरायझर पूर्ण फिरवला तर पाणी इतकं पारदर्शक होतं की ते पाणी वाटतच नाही. मला कोनाड्यांचं प्रतिबिंब हवं होतं आणि काठाजवळची बुडालेली पायरीही. म्हणून पूर्ण परिणामापासून थोडं मागे फिरवून थांबलो.

याशिकावर फोटो घेणारी लेन्स खालची आणि बघायची वरची. त्यामुळे फिल्टर खाली लावून काय दिसतंय ते कळत नाही. मित्राने कडीवर पांढऱ्या रंगाने एक ठिपका काढला आहे. आधी फिल्टर वरच्या लेन्सला लावायचा, हवा तसा फिरवायचा, ठिपका घड्याळाच्या किती वाजण्यावर आहे ते लक्षात ठेवायचं, मग तोच फिल्टर खालच्या लेन्सला त्याच जागी ठिपका आणून बसवायचा. स्लाइड फिल्मवर ओल्या पानांची चकाकी गेली की हिरवा रंग दाट होतो, त्याच्या रतनवाडीच्या स्लाइड बघाव्यात अशा आल्या आहेत.

देवळाच्या आवारात मुलं जमली होती. त्यातल्या एका मुलीने तांबडी काच डोळ्याला लावली आणि ओरडली, “झाडं काळी झाली!” मग हिरवी काच घेतली आणि भिंतीकडच्या तेरड्याकडे बघून म्हणाली, “फुलं गेली!” तेरडा गुलाबी, पान हिरवं. हिरव्या काचेतून दोन्ही एकसारखी गडद-मध्यम दिसू लागली आणि फूल पानांत मिसळून गेलं. फिल्टर निवडायची यापेक्षा चांगली रीत नाही. काच डोळ्याला लावायची, आणि एक-दोन सेकंदांतच बाजूला करायची. जास्त वेळ धरली तर डोळा त्या रंगाला सरावतो आणि फरक कळेनासा होतो. त्या मुलीने दोन सेकंदांत जे पाहिलं तेच फिल्मने पाहिलं असतं. तेरड्याला मग मी नारिंगी लावला.

दुपारी एका घरी पित्रं होती. वाटेने जाणाऱ्यालाही त्या दिवशी जेवल्याशिवाय सोडत नाहीत. खीर, उडदाचे वडे, लाल भोपळ्याची भाजी, कढी, भात. घरातले मामा स्वतः वाढत होते आणि नको म्हणायची सोय नव्हती. जेवण झाल्यावर त्यांनीच ओढ्याची वाट दाखवली.

ओढ्यावर एनडी काढला. मीटर पाव सेकंद म्हणत होता. सहा स्टॉपने तो सोळा सेकंद झाला. पण एका सेकंदापुढे फिल्मची भूक वाढते. इलफर्ड एफपी४ साठी मोजलेल्या वेळेचा १.२६ वा घात घ्यायला सांगते. सोळा सेकंदांचे तेहेतीस होतात. हा हिशेब सोडला तर निगेटिव्ह स्टॉपभर पातळ येते. प्रोव्हियाला दोन मिनिटांपर्यंत काही वाढवावं लागत नाही, म्हणून मित्र सोळावरच थांबला. आरबीच्या लेन्सवर लांब वेळेसाठी ‘टी’ आहे. शटर बंद करायला लेन्सवरची कडी फिरवावी लागते आणि तेवढ्याने कॅमेरा हलतो. म्हणून वेळ संपताना आधी काळा पुठ्ठा लेन्ससमोर धरायचा, मग कडी फिरवायची.

सोमवार : परत

राजूरला पेढे घेतले, पावसात रंधा धबधबा लांबूनच पाहिला. तुषार इतके उडत होते की काच पुसेपर्यंत पुन्हा ओली. अशा ठिकाणी चौकोनी ग्रॅड बाहेर काढूच नये. रेझिनचा असेल तर पुसतानाच ओरखडे पडतात. घरी आल्याबरोबर सगळे फिल्टर डब्यांतून काढून रात्रभर पंख्याखाली ठेवले, मग सिलिका जेलसोबत बंद केले.

फिल्म धुतल्या, वाळल्या, लाइट टेबलवर ओळीने ठेवल्या. कोकणकड्याच्या त्या तीन फोटोंत तांबड्याचं आकाश सर्वांत नाट्यमय, पण डोंगर मेलेला. पिवळसर हिरव्याचं गवत जिवंत, झाडांचे गड्डे वेगवेगळे दिसतात, आकाश मात्र थोडं फिकं. नारिंगी मधला, आणि प्रिंट मी त्याचाच करणार आहे. खुरासणीत नारिंगीला तोडच नाही. जून ते सप्टेंबर, म्हणजे आकाश पांढरं आणि सगळं हिरवं असताना, पिवळसर हिरवा, पोलरायझर आणि हार्ड ग्रॅड एवढे तीन पिशवीत असले तर चालतं. सप्टेंबरअखेर फुलं आली की नारिंगी त्यांत घालावा. तांबडा मी आता जानेवारीपर्यंत कपाटात ठेवला आहे. गवत वाळून पिवळं पडलं आणि आकाश निळं झालं की तो रतनगडावर घेऊन जायचा बेत आहे. मुक्काम रतनवाडीतच करू, मामांनी तसं सांगून ठेवलंय.